झोपाळा रिकामा झाला हे आधी कोणाला कळतं? : रहस्यप्रसंगासाठी कॅमेरा अँगल आणि स्टोरीबोर्डची आखणी

सस्पेन्सचा प्रसंग लिहून झाला की बहुतेक जण थेट कॅमेऱ्याकडे धावतात. इथे लो अँगल (खालून वर बघणारा कॅमेरा), तिथे तिरकी फ्रेम, जिन्यावर हँडहेल्ड (हातात धरलेला कॅमेरा). पुढे एडिटला बसल्यावर कळतं की फ्रेमा देखण्या आल्यात, पण जीव कुठेच टांगणीला लागत नाही. अशा वेळी अँगल बदलून फारसा फरक पडत नाही, कारण प्रेक्षकाला कोणती गोष्ट कधी कळणार हेच ठरलेलं नसतं. कॅमेरा कुठे ठेवला यावर कोणाला किती माहिती मिळणार ते ठरतं. तेव्हा आधी माहितीची वाटणी करा, चित्रं त्यानंतर.

सुटे नियम वाचून हे अंगवळणी पडत नाही. म्हणून एकच प्रसंग घेऊ आणि तो कागदापासून शूटिंगच्या रात्रीपर्यंत नेऊ. बडोद्यात एका वाड्यात, दोन नट आणि एक कॅमेरा घेऊन होईल इतकाच.

प्रसंग

दांडिया बाजारातला जुना वाडा. खाली दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा, वर माडी. नीलिमा माडीवर आजोबांच्या ट्रंकेत मृत्युपत्र शोधते आहे. खाली काका झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेत. तो कागद तिच्या हाती लागू नये असं त्यांना वाटतं. झोपाळा कुरकुरतोय, आणि कुरकुर चालू आहे तोवर काका खाली आहेत असं नीलिमाने धरलंय. मग काका उठतात. उठताना झोपाळ्याला झोका मिळतो. रिकामा झोपाळा कुरकुरत राहतो आणि काका जिना चढू लागतात.

जिन्याची वरून तिसरी पायरी वाजते. हे चित्रपटात आधीच एकदा, सहज, येऊन गेलेलं आहे.

संवाद चारच. खालून काका: "नीले, चहा टाकतेस का गं?" वरून नीलिमा: "आलेच काका, दोन मिनिटं." बऱ्याच वेळाने, कुरकुर बारीक झाल्यासारखी वाटते तेव्हा, ती न वळता खालच्या दिशेने ओरडते: "काका, साखर किती घालू?" उत्तर येतं ते खालून येत नाही. दारातून, अगदी साध्या आवाजात: "नेहमीचीच."

पहिली पायरी: हिशोबाचा कागद

एका कागदावर तीन रकाने पाडा: प्रेक्षक, नीलिमा, काका. प्रसंगातली प्रत्येक घडामोड खाली ओळीने लिहा आणि ती त्या क्षणी कोणाला ठाऊक आहे तिथे खूण करा. झोपाळा रिकामा झाला: प्रेक्षकाला माहीत, काकांना माहीत, नीलिमाला नाही. ट्रंकेचं कुलूप उघडलं: प्रेक्षकाला माहीत, नीलिमाला माहीत, काकांना नाही. तिसरी पायरी वाजते: तिघांनाही माहीत. या शेवटच्या ओळीकडे नीट बघा. जे तिघांनाही ठाऊक आहे त्यातून ताण निघणार नाही असं वाटतं. पण नीलिमा त्या पायरीवर भरवसा ठेवून आहे आणि काका या घरात तिच्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त राहिलेत. पायरी वाजणार म्हणून प्रेक्षक कान टवकारून बसतो. काका ती ओलांडतात.

हा कागद समोर असला की पर्याय आपोआप दिसतात. झोपाळा रिकामा झाल्याचं प्रेक्षकाला नीलिमाबरोबरच कळू दिलं तर शेवटचं "नेहमीचीच" मोठा धक्का देईल, पण तो क्षणभरच टिकेल आणि त्याआधीचं पाऊण मिनिट नुसती ट्रंक उपसण्यात जाईल. प्रेक्षकाला आधी कळू दिलं तर धक्का थोडा कमी होतो, पण ते पाऊण मिनिट असह्य होतं. मी दुसरा पर्याय घेतो. फक्त एक गोष्ट राखून ठेवतो: काकांनी झोका मुद्दाम दिला, की उठताना लागला? ते प्रेक्षकाला झोपाळ्यापाशी कळू द्यायचं नाही. पायरी ओलांडली की मगच कळावं.

अँगलचा पहिला निर्णय इथेच होऊन गेला. काकांचा हात फळीला ढकलतोय असा क्लोज-अप घ्यायचा नाही. तो घेतला की हेतू उघडा पडतो.

दुसरी पायरी: जागा मोजणं

टेबलावर बसून काढलेला स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटची क्रमाने काढलेली चित्रं, वाड्यात टिकत नाही. मनातला दिवाणखाना नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो. मोजपट्टी, आलेखाची वही आणि फोन घेऊन जा. १ सेंटिमीटरला ५० सेंटिमीटर असं प्रमाण धरा आणि वरून दिसेल तसा नकाशा काढा. त्यात भिंती, खांब, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते, खिडक्या, कोनाडे, दिव्याची बटणं, झोपाळ्याचे हूक, जिन्याचं तोंड आणि पायऱ्यांची संख्या हे सगळं हवं. जिन्याची रुंदी जरूर मोजा. जुन्या वाड्यांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की ट्रायपॉडचे पाय पसरत नाहीत. मग कॅमेरा पायरीवर वाळूच्या पिशवीवर ठेवावा लागतो, आणि तो निर्णय आत्ताच घ्यायचा असतो.

लेन्स इथेच ठरवता येते, अंदाज करायची गरज नाही. फ्रेममध्ये मावणारी रुंदी म्हणजे अंतर गुणिले सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीची) रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा). फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ३ मीटरवरून ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये २.१६ मीटर रुंदी येते, १६:९ च्या फ्रेममध्ये उंची साधारण १.२ मीटर. उभा माणूस मांडीपासून वर. तिथूनच २४ मिलिमीटर लावली तर साडेचार मीटर दिसतं, ८५ लावली तर जेमतेम सव्वा मीटर. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर ३६ च्या जागी २३.५ धरा. फोनवर शूट करत असाल तर मुख्य कॅमेरा सहसा २४ ते २६ मिलिमीटरच्या जवळपास वागतो. म्हणजे फोनवर चेहऱ्याचा क्लोज-अप हवा तर नटाच्या नाकाशी जावं लागतं आणि चेहरा फुगतो. फोनला टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असल्यास ती वापरा, नाहीतर त्या शॉटमध्ये चेहऱ्याऐवजी हात दाखवा.

उजेड आणि आवाज त्याच फेरीत टिपून घ्या. बडोद्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये साडेसातच्या आसपास. त्यानंतर आकाशात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं निळसर उजेड राहतो. खिडकीतून तो उजेड हवा असेल तर त्या वेळात एकच शॉट होतो, दोन नाही. आणि आवाज! हा प्रसंग कुरकुरीवर उभा आहे. नवरात्रात रात्रीच्या ध्वनिमुद्रणाचा विचारही करू नका. १४ आणि १५ जानेवारीला, पतंगांच्या दिवसांत, वाड्याच्या प्रत्येक गच्चीवरून "काप्यो छे"च (पतंग कापला!) ऐकू येणार. एरवीही शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पंप, देवळातली आरती यांच्या वेळा लिहून आणा.

तिसरी पायरी: दिशा

एका खोलीत समोरासमोर बसलेल्या दोघांसाठी १८० अंशांचा नियम सगळ्यांना पाठ असतो: दोघांच्या मधली रेघ ओलांडायची नाही. आपल्या प्रसंगात दोघे एका खोलीत नाहीतच. एक खाली, एक वर, मधे जिना. इथे रेघ म्हणजे काकांच्या चालण्याची दिशा.

नकाशावर ती बाणाने काढा. समजा माडीच्या सगळ्या शॉटमध्ये दार फ्रेमच्या उजव्या कडेला आहे. म्हणजे काका शेवटी उजवीकडून डावीकडे येणार. मग खालीही त्यांनी उजवीकडून डावीकडेच जायला हवं: दिवाणखान्यातून निघताना फ्रेमच्या डाव्या कडेने बाहेर, जिन्यावर उजवीकडून डावीकडे. असं झालं तर ते तिच्याजवळ येताहेत हे न सांगता कळतं. एका शॉटमध्ये दिशा उलटली तर प्रेक्षकाला क्षणभर वाटेल की काका परत फिरले. त्या एका क्षणात ताण सांडतो, आणि का सांडला ते एडिटरलाही लवकर सापडत नाही.

जिना मधे वळत असेल तर? वळणावर दिशा खरोखरच उलटते. दोन उपाय आहेत. वळणानंतर कॅमेरा जिन्याच्या दुसऱ्या बाजूला न्या, म्हणजे पडद्यावरची दिशा कायम राहते. तशी जागा नसेल तर मधे एक शॉट थेट समोरून किंवा थेट पाठीमागून घ्या. त्यात डावं-उजवं काहीच नसतं, त्यामुळे त्यानंतर दिशा बदलली तरी खटकत नाही.

चौथी पायरी: अँगल निवडणं

लो अँगल म्हणजे ताकद आणि हाय अँगल म्हणजे दुबळेपणा, हे कोष्टक विसरून जा. ताणाच्या प्रसंगात अँगलला विचारायचे प्रश्न वेगळे असतात. कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? या जागेवरून काय दिसत नाही? आणि हाच अँगल पुढे पुन्हा येणार आहे का?

जिना चढणाऱ्या काकांचंच बघू. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे खाली ठेवला तर आपण त्यांच्यासोबत चढतो. आपण त्यांचे साथीदार होतो आणि नीलिमा शिकार. कॅमेरा जिन्याच्या माथ्यावर ठेवून खाली बघितलं तर आपण नीलिमाच्या बाजूला असतो. पुस्तकी हिशोबाने वरून घेतल्यामुळे काका लहान दिसायला हवेत, पण अंधारात फक्त पांढऱ्या केसांचं डोकं वर सरकतंय, चेहरा दिसत नाही, असं असेल तर ते लहान वाटत नाहीत. तिसरी जागा जिन्याच्या बाजूला: कठड्याच्या दांड्यांमधून फक्त पाय. हा शॉट कोणाच्याच बाजूचा नाही, तो पायऱ्या मोजतो. पायरी ओलांडण्याचा क्षण इथेच स्पष्ट दिसतो, म्हणून मी हाच घेतो. पहिल्या दोन जागा मोहक आहेत, दोन्ही घ्याव्याशा वाटतील. घेऊ नका. तीन अँगलने एकच चढण दाखवली की ती लांबत नाही, तुटते.

कॅमेऱ्याची उंची लेन्सइतकीच महत्त्वाची, तरी ती स्टोरीबोर्डवर लिहिण्याची सवय क्वचितच दिसते. काकांच्या पायांचा शॉट जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असेल तर झोपाळ्याची फळी फ्रेमच्या वरच्या कडेला येते-जाते. ६० सेंटिमीटरवर ठेवला तर फळी मधोमध येते आणि पाय हरवतात. "लो" एवढंच लिहून भागत नाही, आकडा लिहा.

न दिसणाऱ्या जागेचा उपयोग करा. माडीच्या शॉटमध्ये नीलिमा फ्रेमच्या डाव्या तिसऱ्या भागात, उजवीकडे अर्धं उघडं दार, मधे बरीच मोकळी जागा. सुरुवातीला ती जागा नुसती मोकळी वाटते. झोपाळा रिकामा झाल्यानंतर तोच शॉट तसाच परत आला की प्रेक्षक नीलिमाकडे बघतच नाही, दाराकडे बघतो. कॅमेरा हललेला नाही, लेन्स तीच, उजेड तोच. बदललं आहे ते प्रेक्षकाला जे ठाऊक आहे तेवढंच. या प्रकारच्या प्रसंगात तीच फ्रेम परत आणणं हे माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक साधन आहे. तिरकी फ्रेम मी अख्ख्या चित्रपटात एकदा चालवून घेईन, तीही कारण असेल तर. या प्रसंगात ते कारण नाही.

पाचवी पायरी: चित्रं

चित्रकला येत नाही म्हणून अडू नका. काड्यांची माणसं चालतात, फक्त फ्रेमचा आकार खरा हवा. १६:९ साठी ८ सेंटिमीटर रुंद आणि ४.५ उंच चौकट घ्या. ए-फोर कागदावर दोन रकान्यांत तीन-तीन अशा सहा बसतात आणि खाली लिहायला जागा उरते. चित्रपट २.३९:१ मध्ये करणार असाल तर चौकटही तशीच काढा. चौकोनी डब्यात काढलेलं चित्र रुंद पडद्यावर फसवतं.

नटाच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत, कॅमेऱ्याच्या हालचालीचा बाण चौकटीच्या बाहेर. एवढी एक शिस्त पाळली तरी कॅमेरामन चारदा फोन करणार नाही. प्रत्येक चौकटीखाली शॉटचा क्रमांक, लेन्स, अंतर, कॅमेऱ्याची उंची, ऐकू येणारा आवाज, आणि शेवटची ओळ: या शॉटमध्ये प्रेक्षकाला नवीन काय कळलं? ती ओळ कोरी राहत असेल तर शॉट काढून टाकायचा, किंवा तो मुद्दाम वाट पाहायला लावणारा आहे असं लिहायचं. दोन्ही चालेल, पण ठरवून.

बडोद्यात राहून फ्रेम शिकायला पैसे लागत नाहीत. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत: महाभारत, कृष्णकथा, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. वही घेऊन जा, एक चित्र निवडा आणि चित्रकाराने क्लोज-अपशिवाय तुमची नजर आधी कुठे नेली, मग कुठे, हे बाणांनी काढून बघा. दादासाहेब फाळके याच गावातल्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. चित्र आणि कॅमेरा एका हाताने शिकण्याची सोय सयाजीरावांनी १८९० मध्ये इथे करून ठेवली होती, तेव्हा बडोदेकराने तरी "मला ड्रॉइंग येत नाही" म्हणू नये.

आता आपला बोर्ड.

शॉट १: जिन्याच्या पायथ्याशी कॅमेरा, कमरेच्या उंचीवर. नीलिमा पाठमोरी चढते आणि वरून तिसरी पायरी ओलांडते. पायरीचा वेगळा क्लोज-अप नको. पायरी वाजते हे आधीच्या प्रसंगात आलंय, इथे बोट दाखवलं तर प्रेक्षकाला आपण मठ्ठ समजतो असं होईल.

शॉट २: दिवाणखाना, २४ मिलिमीटर. झोपाळा बाजूने दिसतो, काका पेपरामागे. मागे डावीकडे जिन्याचं काळं तोंड. शॉट ३: जमिनीलगत, काकांचे पाय फरशीला रेटा देतात, फळी वरून सरकते. खाली चपला.

शॉट ४: माडी, ती मोकळ्या जागेची फ्रेम, २८ किंवा ३५ मिलिमीटर. कुरकुर खालून, दबकी. शॉट ५: ट्रंकेतले कागद आणि तिचे हात, ८५ मिलिमीटर. प्रेक्षकाला कळतं की कागद सापडलेला नाही.

शॉट ६ म्हणजे शॉट २ चीच फ्रेम. पेपर खाली न करता काका चहाचं विचारतात, वरून उत्तर येतं. ते वर बघतात. एवढंच.

शॉट ७, शॉट ३ ची फ्रेम, आणि अख्ख्या प्रसंगाचा खिळा हाच. पाय थांबतात. उठतात. चपला तिथेच राहतात, अनवाणी पाय डाव्या कडेने बाहेर जातात. फळी येते, जाते, येते. रिकामी. इथे कट करण्याची घाई करू नका. झोका मुद्दाम होता की नाही हे या उंचीवरून दिसत नाही, म्हणूनच हा अँगल. चपला का सोडल्या, हा प्रश्न मात्र प्रेक्षकाच्या मनात पेरला गेला.

शॉट ८: पुन्हा माडीची फ्रेम. नीलिमा निवांत आहे, दाराकडे पाठ करते. शॉट ९: कठड्यातून पाय, उजवीकडून डावीकडे. एक पायरी. दुसरी. वाजणारी पायरी येते आणि पाय तिच्यावरून अलगद पुढे जातो. शॉट १०: नीलिमाचा चेहरा एका बाजूने, ८५ मिलिमीटर, दीड मीटरवरून. कान फ्रेममध्ये हवा. कुरकुर क्षीण झालीय आणि तिचे हात थांबतात. शॉट ११: दिवाणखाना, शॉट २ ची फ्रेम, झोपाळा जवळजवळ स्थिर. शॉट १२: माडीची फ्रेम तिसऱ्यांदा. ती ओरडून साखरेचं विचारते, उत्तर दारातून येतं. काका दाखवायचे नाहीत. तिने वळायला सुरुवात करताच कट.

सहावी पायरी: वेळ

झोपाळा म्हणजे लंबक, आणि हे एडिटच्या कामाचं आहे. हुकापासून फळीपर्यंत सव्वादोन मीटर असतील तर एक पूर्ण हेलकावा साधारण ३ सेकंदांचा. माणूस बसलेला असो वा नसो, यात फारसा फरक पडत नाही. आणि झोका लहान होत जातो तसा हेलकाव्याचा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे थांबत आलेल्या झोपाळ्याची कुरकुर संथ होत नाही, ती तुटक आणि बारीक होते. साउंड करणारा मित्र हमखास ती हळूहळू लांबवत नेईल. त्याला अडवा. खरा झोपाळा ऐकलेला प्रेक्षक, आणि बडोद्यात तो प्रत्येक घरात आहे, ही लबाडी ओळखतो. शिवाय नीलिमाला संशय येतो तो आवाज बारीक झाल्यामुळे, ही गोष्ट तिला अधिक हुशार ठरवते.

रिकाम्या फळीवर भार नसल्याने कड्या वेगळ्या वाजतात, थोड्या हलक्या. हा फरक झाकू नका. ज्याच्या कानाला तो कळेल त्याला कळू दे.

पहिल्या सहा शॉटमध्ये कट हेलकाव्याच्या तालावर घ्या: ६ सेकंद, ६ सेकंद, ९ सेकंद. प्रेक्षकाच्या नकळत ताल बसतो. शॉट ७ पासून मधेच तोडा, हेलकावा पुरा होऊ देऊ नका. चढण लांबवायलाही मर्यादा आहे. प्रत्यक्ष जागेवर रिकामा झोपाळा किती वेळ वाजतो ते फोनवर मोजा. तो चाळीस सेकंद वाजत असेल तर शॉट ७ ते ११ मिळून एक मिनिटापर्यंत ताणता येईल. त्यापुढे प्रेक्षक झोपाळ्यावर विश्वास ठेवणार नाही.

सातवी पायरी: फोटो आणि कच्ची जोडणी

बोर्ड घेऊन पुन्हा वाड्यात जा. नट नकोत, दोन मित्र पुरे. प्रत्येक चौकट ठरलेल्या अंतरावरून आणि उंचीवरून फोनमध्ये टिपा. चित्रातले बरेच शॉट इथे जसेच्या तसे जमतील, एक-दोन अशक्य ठरतील. माडीच्या फ्रेममध्ये दार मावत नाही, किंवा शॉट २ मध्ये जिन्याचं तोंड खांबामागे जातं. मग झोपाळा सरकवता येत नसल्याने कॅमेरा सरकवा, आणि सरकवताना दिशेचा बाण तपासा.

हे फोटो कोणत्याही साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये ठरलेल्या सेकंदांना लावा. खाली खऱ्या झोपाळ्याचा आवाज आणि तुमच्याच आवाजातले संवाद टाका. या कच्च्या जोडणीला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. ती गोष्ट ठाऊक नसलेल्या कोणालातरी दाखवा आणि बघून झाल्यावर दोनच प्रश्न विचारा: काका उठले हे कधी कळलं? पायरीचं लक्षात आलं का? "कसं वाटलं" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. पायरीचं कोणाच्याच लक्षात आलं नाही तर दोष शॉट ९ मध्ये शोधू नका. पायरी वाजण्याचा आधीचा प्रसंग कच्चा पडलाय, तो दुरुस्त करा.

आठवी पायरी: शॉटची यादी आणि शूटिंगची रात्र

बोर्ड गोष्टीच्या क्रमाने असतो, शूटिंग कॅमेऱ्याच्या जागेच्या क्रमाने. आपल्या बारा शॉटना सातच जागा लागतात: शॉट २, ६ आणि ११ एका जागी, ३ आणि ७ एका जागी, ४, ८ आणि १२ एका जागी, बाकी चार सुटे. एका जागेला उजेडासकट चाळीस मिनिटं धरली तर पावणेपाच तास होतात. एका रात्रीत बसतं, पण जेवण आणि खोळंबा धरून. आधी खालचं सगळं उरका, मग माडी. एकदा दिवे वर नेले की पुन्हा खाली आणायचे नाहीत. परत येणाऱ्या फ्रेमांच्या जागी ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर टेप लावा, उंची वहीत लिहा आणि फोकस हाताने ठेवा. शॉट ४ आणि शॉट १२ मध्ये दाराची फट बोटभर बदलली तरी सगळी मेहनत वाया.

वेळ कमी पडला तर काय सोडायचं तेही आधीच यादीवर लिहा. माझ्या यादीत ५ आणि ११ आधी जातील. ७, ९ आणि १२ कधीच नाही.

दिव्यांबद्दल एक तांत्रिक पण हमखास नडणारी गोष्ट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीच्या उजेडात फोन सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर ठेवला तर चित्र लुकलुकतं. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. फोनच्या मूळ अ‍ॅपमध्ये हे बदलता येत नसेल तर हाताने सेटिंग करू देणारं अ‍ॅप घ्या. वाड्याचा अंधार म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढवत बसण्यापेक्षा जिन्याच्या माथ्यावर, फ्रेमबाहेर, एक छोटा दिवा ठेवा. अंधार दिसायला थोडा उजेड लागतोच.

परवानग्या: खाजगी वाड्याला मालकाची लेखी संमती पुरते, पण भाडेकरू असतील तर त्यांनाही सांगून ठेवा. तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूत शूटिंग करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. प्रसंगात सुरी, खोटं पिस्तूल, किंकाळी असं काही असेल तर जवळच्या पोलीस चौकीत अर्ज देऊन ठेवा. रात्री दोन वाजता पोळातल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या, लोकांना ते शूटिंग आहे हे कळायचा दुसरा मार्ग नसतो.

पॅकअपच्या आधी सगळ्यांना बाहेर काढा, पंखे आणि फ्रीज बंद करा, आणि कॅमेरा न लावता फक्त आवाज टिपा: काका बसलेले असतानाची कुरकुर, रिकाम्या फळीची पूर्ण थांबेपर्यंतची कुरकुर, तीच कुरकुर माडीवरून ऐकू येते तशी, वाजणारी पायरी, आणि एक मिनिट नुसती खोलीची शांतता. फ्रीज परत चालू करायला विसरू नका. मालकाचं दूध असतं.